बुंधा खाली, शेंडा वर

मामा, तुला शेणींवर जाळलं. कोल्हापुरात सगळ्यांनाच शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, जाळतात, त्यात वेगळं काही नाही. पण घाटावर उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी एकजण म्हणालाच, "जन्मभर लाकडात हात घातला, आन् शेवटाला एक ढलपी न्हाय नशिबात." त्यावर दुसरा म्हणाला, "बरंच झालं की. लाकूड रचलं असतं तर उठून बसला असता, कुठल्या राईतलं हाय म्हणून इचारायला." लोक हसले. मीही हसले. मग नदीकडे तोंड करून रडले, आणि रडता रडता तुझ्यावर चिडले. हे तिन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

बाबांच्या छापखान्यात येणारे एक गृहस्थ म्हणाले, "मिस्त्रींवर चार शब्द लिही, आमच्या साप्ताहिकात छापू." शीर्षकही त्यांनीच सुचवलं: लाकडी बांधकामातला शेवटचा जाणकार. मी ते शीर्षक घेणार नाही. तू शेवटचा होतास, कारण पुढच्याला तू शिकवलं नाहीस. शेवटचं असणं हा कसला मान? मला त्यांच्या साप्ताहिकाशी बोलायचं नाही. तुझ्याशी बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू 'बघू' म्हणून उठून गेलास.

तुला नम्र म्हणणारे लोक तुला ओळखत नव्हते. शाहूवाडीच्या गाडीतून स्टँडवर उतरायचास तो फेटा नीट करतच. रंकाळ्याकडे जाताना एखादा नवा बंगला दिसला की मधोमध थांबायचास, आणि मालक गॅलरीत उभा असला तरी मोठ्यानं विचारायचास, "ह्यो कुणी बांधला? त्याला आधी दावणीला बांधा." आई कानकोंडी व्हायची. मला फार आवडायचं. आमचं घर छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत. मी अक्षरं शिकले ती मोर्च्यांच्या पत्रकांवर. बाबा छपाईचे खिळे जुळवायचे, त्यामुळं मला उलटं वाचता आधी आलं आणि सुलटं नंतर. तू दारातून आत येताना चिडवायचास, "तुझ्या बाचं सगळं काम खिळ्यावर. माझं बिनखिळ्याचं." बाबा मान वर न करता म्हणायचे, "म्हणून तुमचं काम कुणी वाचत नाही, मिस्त्री."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला तुझ्याकडे सोडायची. गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर निनाईची राई होती. 'होती' हा शब्द लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. दुपारच्या बारालाही त्या राईत दिवा लावावासा वाटायचा. आतल्या जित्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असा नियम. वादळात पडेल ते घ्यायचं, तेही देवीच्या कामापुरतं. घराला त्यातली काडी न्यायची नाही. आणि त्या पडलेल्या झाडांचाच निनाईपुढचा मांडव, सोळा खांबांचा. त्याला भिंत नव्हती. "राईच भिंत हाय," असं तू म्हणायचास. खांबांना नक्षी नव्हती, सांध्यांना लोखंड नव्हतं. खांबाच्या दोन्ही टोकांना लाकडातच कोरलेलं जाड बोटासारखं कुसू. वरचं तुळईच्या खाचेत बसायचं, खालचं दगडी तळखड्यात. बस्स. प्रत्येक खांब वेगळ्या झाडाचा, वेगळ्या सालचा. माणसांची ओळख करून द्यावी तशी तू त्यांची करून द्यायचास. हा ऐन, वादळातला. हा फणस, याच्यावर वीज पडली. "आन् ही जांभळ, म्हातारी हून आपनहून बसली."

मी विचारलं होतं, मांडव मोठा का नाही बांधला? जत्रेत माणसं मावत नाहीत.

"राई देती तेवढा मांडव," तू म्हणालास. "तुळई किती लांब? पडलेलं झाड जेवढं सरळ असंल तेवढी. ते माणसानं ठरवायचं न्हाय."

मी तेव्हा लहान होते, पण पुढं कित्येक भाषणं ऐकली, जंगलावरचे लेख वाचले, आणि दर वेळी मला वाटलं की हे सगळं तू एका ओळीत सांगून मोकळा झाला होतास. घर किती मोठं असावं हे जंगलानं ठरवायचं. एक झाड पडायची वाट बघायची, ते वाळायची वाट बघायची. तोवर गळतं तिथं भांडं ठेवायचं. वाट बघणं हा तुझ्या बांधकामाचा अर्धा भाग होता.

आणि दुसरी गोष्ट, जी तू मला हाताला धरून शिकवलीस. खांब उभा करायचा तो झाडाचा बुंधा खाली आणि शेंडा वर, असाच. तासून झाल्यावर दोन्ही टोकं सारखी दिसतात. तू मला डोळे मिटायला लावायचास आणि माझा तळवा लाकडावरून फिरवायचास. "गाठ लागली? आता गाठीच्या भवतीनं बोट फिरव. फांदी वरच्या अंगाला निघती की नाय? गाठीला इचार, ती सांगती."

"उलटा उभा केला तर काय होतं?"

"जन्मभर जसं हुतं तसं उभं करायचं. मेलं म्हणून काय डोक्यावर उभं करशील व्हय?"

मी चुकले की टपली मारायचास. बरोबर आलं की काहीच बोलायचा नाहीस, नुसता पुढचा खांब दाखवायचास. एवढं शिकवलंस, पण हत्यार माझ्या हातात कधी दिलं नाहीस. लाकूड तासायच्या वाकसाला हात लावला तर म्हणायचास, "पोरीचं काम न्हाय ते." मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. मला वाटलं, मी पोर आहे म्हणून. ती तुझी भिंत किती लांब जाते, ते अजून दिसायचं होतं.

ते दिसलं त्याच मांडवात. मी दहा-अकरा वर्षांची असेन. गौरी-गणपतीच्या सुट्टीत आले होते, आणि तू एक कुजलेला खांब बदलत होतास. असं काम मी पुन्हा कधी बघितलं नाही. दोन्ही बाजूंनी तुळईखाली बल्ल्या लावल्यास, पाचरी ठोकत गेलास, आणि तुळई केसभर वर उचलली गेली. कुजका खांब बाहेर ओढला, नवा आत सरकवला, पाचरी सोडल्या. वरचं एक कौल हललं नाही. मांडवात बाया गाणी म्हणत होत्या, त्यांचं गाणंसुद्धा तुटलं नाही. तू घाम पुसत माझ्याकडे बघितलंस. "बघितलंस? एक खांब काढला म्हणून मांडव पडत न्हाय. पडला तर बांधणाऱ्याची चूक."

मांडवापासून थोड्या अंतरावर जांभ्या चिऱ्यांची एक ओळ होती, माझ्या गुडघ्याएवढीही उंच नाही. तिच्या पलीकडं तुमच्या गावच्या खालच्या वाडीतली माणसं उभी होती. तो नवा खांब ज्या झाडाचा होता, ते दरीतून दोर लावून त्यांनीच वर ओढून आणलं होतं. राईत गुरं शिरू नयेत म्हणून राखण करायची तीही त्यांनीच. पाऊस लागला होता. एक बाई डोक्यावर पोतं घेऊन उभी होती, तिच्या पदराशी माझ्याएवढा एक मुलगा.

मी म्हटलं, "मामा, त्या आत का येत नाहीत?"

"त्यांची जागा तिथं हाय."

"पाऊस पडतोय की."

"मग?"

तो 'मग?' मी अजून विसरले नाही. तू तो रागानं म्हणाला नाहीस. पाऊस आणि ती बाई यांचा काही संबंध असू शकतो हेच तुझ्या ध्यानात आलं नव्हतं. चारी बाजूंनी उघडा मांडव बांधणाऱ्या माणसाला ते कळू नये, याचा मला आजही उलगडा होत नाही.

तो मुलगा किसन. मॅट्रिक झाल्यावर तो तुझ्या अंगणात आला, तेव्हा मी सोप्यात बसून कुठलंतरी पत्रक वाचत होते. आला आणि सरळ म्हणाला, "मिस्त्री, मला सांधा शिकवा."

"तुझ्या बापानं दोर वढला. तू बी दोर वढ."

"दोर वढायला येतंय मला. कुसू करायला येत न्हाय."

"हत्यार ह्या घरातलं हाय. ह्या घरातच ऱ्हायील."

किसननं घराकडं नीट बघून घेतलं. मामी जाऊन वर्ष झालं होतं, मूलबाळ नव्हतं. "घरात हाय कोण मिस्त्री? का मांजराला शिकवनार?"

तू वाकस उचललास. तो हसत हसत गेला, पण फाटकातून बाहेर पडल्यावर त्याचं हसणं संपलेलं मी बघितलं. तो तसाच कोल्हापूरला आला आणि एका कंत्राटदाराकडं सेंट्रिंगच्या कामाला लागला. स्लॅबसाठी खालून फळ्या आणि टेकू उभे करायचे, वर सिमेंट ओतायचं, वाळलं की खालचं काढून टाकायचं. थोड्याच वर्षांत तो सेंट्रिंगचा मिस्त्री झाला. तू त्याला लाकूड नाकारलंस, त्याला सिमेंट मिळालं. पुढं जे झालं ते यातूनच झालं, आणि ते कुणी मला समजावून सांगायची गरज नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गावात जीर्णोद्धाराचं बोलणं निघालं. मांडवाचे दोन खांब कुजले होते, छप्पर गळत होतं, आणि त्या वर्षी राईत मोठं झाड पडलेलं नव्हतं. तुझ्या नियमानं थांबायला हवं होतं. सरपंचांना थांबायचं नव्हतं. त्यांनी कोल्हापूरचा कंत्राटदार आणला. राईतली मोठी झाडं तो घेणार आणि त्या बदल्यात सिमेंटचं देऊळ बांधून देणार. लहान झाडांचे टेकू आणि फळ्या होणार. म्हणजे राई उभी राहणार होती स्लॅबखाली, छप्पर वाळेपर्यंत. मग ती वीटभट्टीत जाणार होती. ज्या झाडाला तुम्ही कुणी कुऱ्हाड लावली नाहीत, ते साचा होऊन फेकलं जाणार होतं. कामाला किसनची टोळी ठरली.

मी बाबांच्या छापखान्यात पत्रक छापून घेऊन आले. राई गेली तर झरा जाईल, झरा गेला तर खालची भाताची खाचरं जातील, असं सगळं त्यात होतं. निर्णय गावच्या सभेत हात वर करून होणार होता, म्हणून गावात वाटत फिरले. किसन पाराशी भेटला. त्यानं पत्रक उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"शब्द झ्याक हायती."

"मग सभेत आमच्या बाजूनं हात वर कर."

"ह्यात चिऱ्याची ओळ कुठं हाय?"

मी हातातलं पत्रक पुन्हा चाळलं. ती त्यात नव्हती.

"माझी आई त्या ओळीभाईर भिजून म्हातारी झाली," तो म्हणाला. "सरपंच म्हणतोय, नव्या देवळात समद्यास्नी आत घेतो. त्याचं पोट मला म्हाईत हाय, पर शब्द तर दिला की. तुझ्या मामानं तेवढा बी दिलेला न्हाय. मग मी राई कशाला राखू?"

"तुमचीच माणसं राखत आलीत."

"राखली की. भाईर उभं ऱ्हाऊन."

खालच्या वाडीतली मतं गावात निम्म्याच्या जवळ होती, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, "मामाला सांग. सभेत उभं ऱ्हाऊन नुसतं 'आत या' म्हणू दे. दोनच शब्द. आमची समदी हातं राईच्या बाजूला. सेंट्रिंग बी मी घेत न्हाय, कंत्राटदार गेला उडत."

मी धावतच तुझ्याकडं आले. तू अंगणात पटाशीला धार लावत बसला होतास. मी सगळं सांगितलं. राई तुझ्या दोन शब्दांवर उभी आहे, असं म्हटलं.

तू दगडावर पाणी टाकलंस. "लाकडाचा नियम निराळा न्हाय आन् माणसाचा निराळा न्हाय. एक मोडला की दुसरा मोडतोय. आज त्यास्नी आत या म्हणलं, तर उद्या कुऱ्हाड आत यील."

"कुऱ्हाड आलीय मामा. सरपंचाच्या हातात आहे, आणि सरपंच ओळीच्या आतला माणूस आहे."

"तू पत्रकं वाचून बोलतीस."

"नाही. तू सांगितलेलंच बोलतेय. एक खांब काढला म्हणून मांडव पडत नाही. पडला तर बांधणाऱ्याची चूक."

पटाशीची धार तू अंगठ्यानं बघितलीस, गरजेपेक्षा जास्त वेळ. "लई शिकलीस," एवढंच म्हणालास. मी तिथंच उभी राहिले. शेवटी उठताना तू म्हणालास, "बघू."

त्या 'बघू'वर मी विश्वास ठेवला. तुझा 'बघू' मला माहीत होता. जत्रेत बत्तासे मागितले तरी तू आधी 'बघू' म्हणायचास आणि मग पुडा आणायचास.

सभा मांडवातच होती. खालच्या वाडीतली माणसं चिऱ्यांच्या ओळीपलीकडं बसली होती, किसन पुढं. मी एका खांबाला टेकून उभी होते. सरपंच बोलले, मी बोलले, पोरगी म्हणून दोघंतिघं हसले. मग सरपंचांनी तुला विचारलं, "मिस्त्री, तुमचं काय म्हणणं हाय? मांडव तुमच्या घराण्यानं राखलाय."

तू उठलास. फेटा नीट केलास. एक हात खांबावर ठेवलास आणि ओळीपलीकडं बघितलंस. किसन उठून उभा राहिला होता. त्याची आई त्याच्या मागं होती. तुझे ओठ हलले, ते मी बघितलं. मामा, मी शपथेवर सांगेन, ते हलले.

मग तू म्हणालास, "निनाईची इच्छा," आणि खाली बसलास.

किसन हसला. "झालं," म्हणाला. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. ओळीपलीकडचे सगळे हात वर गेले, आणि ते मोजले गेले. त्या गावात त्यांचे हात कुणी मोजावेत असं पहिल्यांदा घडत होतं. राई तोडायच्या बाजूनं का होईना. मी कुणाला दोष देऊ? त्यांना देता येत नाही. सरपंचाला देते, पण त्याच्याकडून मला काही अपेक्षाच नव्हती. उरतोस तू.

झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा तू घराची कवाडं लावून बसलास. करवतीचा आवाज मात्र कवाडातून यायचा. मांडव उतरवायला तुला बोलावलं, तेव्हा गेलास. मजुरी म्हणून जुनं लाकूड आणि कौलं तुझी, असं ठरलं. सोळाही खांब तू स्वतः काढलेस, बुंध्याला गेरूची खूण केलीस आणि तुळया-कौलांसकट घरामागच्या पडवीत रचून ठेवलेस. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाहीस. विचारलं तर म्हणायचास, "असू दे."

नव्या देवळात पहिल्या दिवशी किसन आईला घेऊन आत गेला. मी बघायला आले होते. त्याच्या आईनं उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, वर स्लॅबकडं बघितलं, हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर वळून बघितलं तर डोंगराचा खांदा भादरल्यासारखा. पुन्हा पाणी आलं, तेच डोळे, आणि मला ते वेगळं करता येईना. पुढच्याच जत्रेला विश्वस्तांनी देवळाच्या आत, गाभाऱ्यापासून चार हातांवर, लाल ऑइलपेंटची रेघ मारली. ही रेघ कुणी ओलांडायची आणि कुणी नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. किसन मला कोल्हापुरात भेटला तेव्हा म्हणाला, "रेघ आत आली. एवढीच प्रगती." झरा तोवर उन्हाळ्यात आटायला लागला होता.

तू आमच्याकडं राहायला आलास. रोज सकाळी स्टेशनाकडच्या लाकडाच्या वखारीवर जाऊन उभा राहायचास. मालकानं एकदा विचारलं, काही हवंय का? तू म्हणालास, "न्हाय. वळखीचं कोन आलंय का बघतोय." आईनं हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मी तुझ्याशी कमी बोलायचे. जेवण वाढायचे, गोळ्या द्यायचे, सभेचा विषय काढायचे नाही. तूही काढला नाहीस. फक्त दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, एकदा छताकडं बघत म्हणालास, "किसन्या काय करतोय?"

"सेंट्रिंगच."

मग म्हणालास, "हात बरा हाय त्याचा."

मामा, हे मी त्याला सांगायचं होतं का? मला वाटतं, तू तसंच मानून गेलास. मी सांगितलेलं नाही. ते तुझं होतं, तू सांगायचं होतंस, त्या अंगणात, त्याला फाटकातून बाहेर जाऊ देण्याआधी. दुसऱ्याच्या तोंडून पाठवलेली शाबासकी कुणाला लागते?

तुझं दिवसकार्य झालं आणि पन्हाळ्याचा एक हॉटेलवाला आईकडं आला. गावात कुणीतरी त्याला पडवीतल्या खांबांचं सांगितलं होतं. पाहुण्यांना जुनं वातावरण आवडतं, व्हरांड्यात लावतो, पॉलिश करतो, म्हणाला. आई ऐकत राहिली. त्याच आठवड्यात किसन आला. त्याला वाडीत वाचनालय बांधायचं होतं. तो म्हणाला, "मावशी, वीट-सिमेंट मिळतंय. पर खांब ते हवेत. आमच्या बापांनी वढून आणल्यात ते." आईनं माझ्याकडं बघितलं नाही, तुझ्या फोटोकडंही नाही. पडवीची किल्ली कनवटीतून काढून त्याच्या हातात दिली. "ने," म्हणाली. "त्यानं देऊन जायाला पायजे हुतं." तुझी बहीण आहे ती. तुझं ओझं तिनं एका शब्दात उतरवलं.

परवा मी वाडीत गेले होते. वाचनालयासाठी तुझ्याच मांडवाएवढा मांडव उभा राहिला होता, वर जुनीच कौलं. सिमेंट फक्त जोत्याला आणि कुजलेल्या त्या दोन खांबांच्या जागी. मी उन्हात उभी राहून एकेक खांब ओळखत होते. वादळातला ऐन. वीज पडलेला फणस. म्हातारी जांभळ. कोपऱ्यातल्या एका खांबापाशी डोळे अडले. जवळ जाऊन बाहेरूनच ओट्यावर एक हात टेकला आणि दुसरा खांबावर फिरवला, गाठ सापडली, बोट भोवती फिरवलं.

"किसन, हा उलटा उभा केलाय."

"कशावरनं? खुणा पुसून गेल्या हुत्या समद्या. दोन्हीकडं कुसू सारखंच."

मी त्याचा हात धरून गाठीवर ठेवला. "फांदी वरच्या बाजूला निघते. ही खाली निघालीय."

त्यानं डोळे मिटून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. "हे मामानं तुला शिकवलं व्हय?"

"हो."

"आन् हत्यार?"

"ते नाही दिलं."

"मग आपुन दोघं भाईरचेच की," तो म्हणाला आणि पोरांना हाका मारल्या.

त्यांनी सेंट्रिंगचे टेकू आणले, तुळईखाली लावले, पाचरी ठोकल्या. तुझ्यासारखंच. कुणी शिकवलं नव्हतं. स्लॅबखाली शिकलेलं वापरत होते. तुळई केसभर उचलली. खांब बाहेर आला, फिरवला, बुंधा खाली, शेंडा वर, आणि आत गेला. एक कौल हललं नाही. तू असतास तर काही बोलला नसतास, पुढचा खांब दाखवला असतास.

पण मामा, पुढचा खांब आता नाही. यातला एखादा कुजला तर बदलायचं कसं ते किसनला येतं. बदलायला झाड कुठून आणायचं ते कुणालाच माहीत नाही. राई देती तेवढा मांडव, असं तू म्हणायचास. हा राईनं दिलेला शेवटचा. आता वादळ आलं तरी पडायला काही उरलेलं नाही. किसनलाही हे दिसतं. बोडक्या डोंगराकडं बघत तो म्हणाला, "मीच तोडली की. दोन शब्द मिळाले असते तर..." आणि पाचरी वेचायला वाकला. त्याची आई खांबाला पाठ लावून बसली होती. जन्मभर ज्या खांबांपासून चिऱ्यांच्या ओळीएवढं लांब राहिली, त्यांतल्याच एकाला. तिला तो कुठल्या झाडाचा ते माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. ती पाठ टेकून बसली होती, एवढंच.

मी अजून बाहेरच उभी होते, उन्हात. त्यांची जागा, त्यांचं काम. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि आपण होऊन पाय उचलत नव्हता. किसन पाचरी गोळा करत होता. त्यानं मान वर केली.

"उन्हात का थांबलीस? आत ये की."

इतकं सहज म्हणाला तो. फेटा नीट केला नाही, खांबावर हात ठेवला नाही. हातातलं कामसुद्धा थांबवलं नाही.

मी आत गेले. बराच वेळ वर बघत उभी राहिले, कुठं काही पडतंय का म्हणून. काही पडलं नाही, मामा.